कोणाच्या घरची?

साल १९८६. लंडनमध्ये पाऊस पडतो आहे. सिंगापूरहून सोळा तासांचा विमानप्रवास करून आलेल्या काही बायका आणि त्यांची मुले भुयारी रेल्वेच्या स्थानकापासून हॉटेलापर्यंत भिजत, सामान ओढत चालली आहेत. टॅक्सी मिळत नव्हती असे नाही; पण नऊ चौकांच्या अंतरासाठी टॅक्सी करणे हे त्यांतल्या थोरल्या आत्याबाईंच्या लेखी पाप आहे. हॉटेलात पोहोचल्यावर तेथील व्यवस्थापक या ओल्याचिंब चिनी कुटुंबाकडे पाहतो आणि आरक्षण असूनही खोल्या नाहीत म्हणून सांगतो. आत्याबाई यजमानांना दूरध्वनी लावतात. थोड्या वेळाने हॉटेलाचा मालक, एक इंग्रज उमराव, स्वतः खाली येतो आणि जाहीर करतो की हे हॉटेल आता याच कुटुंबाच्या मालकीचे झाले आहे.

केविन क्वान यांच्या ‘क्रेझी रिच एशियन्स’ या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीची ही सुरुवात. हॉटेल विकत घेतले जाते तेथे बहुतेक वाचक मनातल्या मनात टाळी वाजवीत असतील. माझे मन मात्र टॅक्सीच्या भाड्यापाशीच अडकून राहिले. माझ्या सासऱ्यांची गूळ आणि धान्याची आडत होती. शब्दावर लाखाचा माल उचलला जाई. तेच मामंजी आलेल्या टपालाचे लखोटे हलक्या हाताने उसवून, उलटे करून, त्यांच्या कोऱ्या बाजूवर रोजचा हिशेब मांडत. पुण्याला गेले की स्टेशनापासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत पायी जात. त्या काटकसरीत बचतीपेक्षा आत्मविश्वास अधिक होता, हे मला फार उशिरा उमगले. आपल्याला कोणी गरीब समजेल ही भीती ज्याला शिवतही नाही, तोच पावसात खुशाल पायी चालू शकतो. क्वान यांना हे नेमके ठाऊक आहे, आणि म्हणूनच पहिल्या चार पानांतच त्यांच्या श्रीमंतांवर माझा विश्वास बसला.

क्वान यांचा जन्म सिंगापूरचा. त्यांचे पणजोबा ओ सियान ग्वान हे ‘ओव्हरसी-चायनीज बँकिंग कॉर्पोरेशन’ या तेथील जुन्या बँकेच्या संस्थापक संचालकांपैकी एक. आजोबा नामांकित नेत्रतज्ज्ञ. आजी-आजोबांच्या घरात, नोकरचाकरांच्या राबत्यात वाढलेला हा मुलगा वयाच्या अकराव्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेतील टेक्सास राज्यात गेला आणि एका उपनगरात राहू लागला. २००९ च्या सुमारास वडील कर्करोगाने आजारी होते. त्यांना उपचारांसाठी गाडीतून नेता-आणताना बापलेक सिंगापूरच्या जुन्या दिवसांच्या गोष्टी काढीत, आणि त्या गोष्टींतून कादंबरीचे बीज रुजले. मला ही हकीकत पुस्तकाइतकीच मोलाची वाटते. बाहेरच्या माणसाला श्रीमंताघरची झुंबरे दिसतात. आतल्या माणसाला ती दिसेनाशी झालेली असतात. अकरा वर्षे आत राहून मग बाहेर पडलेल्या मुलाला झुंबरही दिसते आणि ते पुसणारा हातही दिसतो.

कादंबरीतील यंग, शांग, लिआँग ही घराणी काल्पनिक आहेत; ज्या मातीतून ती उगवली तिचा इतिहास मात्र खरा आहे, आणि व्यापारी घरातील माणसाने तो जाणून घ्यावा असा आहे. १८१९ मध्ये इंग्रजांनी सिंगापूरला व्यापारी ठाणे वसवले आणि दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरून माणसे पोटासाठी तिकडे जाऊ लागली. १८९० साली टॅन का की नावाचा सोळा वर्षांचा मुलगा फुजियान प्रांतातून वडिलांच्या तांदळाच्या दुकानात कामाला आला. पुढे वडिलांचा धंदा बुडाला. बापाचे देणे मुलाने फेडावे असे तेथील कायदा सांगत नव्हता. मुलाने ते फेडले. ज्याने बापाचे बुडालेले कर्ज स्वतःहून चुकते केले, त्याला मग बाजारात उधार द्यायला कोण नाही म्हणेल? अननस डबाबंद करण्याच्या धंद्यातून तो रबराकडे वळला आणि त्या भागातील सर्वांत मोठ्या व्यापाऱ्यांपैकी एक झाला. १९२१ मध्ये त्याने चीनमध्ये शियामेन येथे विद्यापीठ उभे केले. मंदीच्या लाटेत १९३४ मध्ये त्याची कंपनी गुंडाळावी लागली. त्याचे जावई ली काँग चियान हेही रबर आणि अननसाचेच व्यापारी. १९३२ मध्ये तीन चिनी बँका एकत्र येऊन वर सांगितलेली बँक झाली, त्या व्यवहारात त्यांचा मोठा वाटा होता.

हा मजकूर वाचताना मला देश परका वाटेना. पत, उधारी, जावयाच्या हाती आलेली सूत्रे, धर्मादाय संस्था, सगळे ओळखीचे.

या इतिहासाचा एक सरळ अर्थ निघतो. सिंगापुरात ज्याला ‘जुना पैसा’ म्हणतात तो फार जुना नाही. तीन पिढ्या, फार तर चार. श्रीमंती तीन पिढ्यांपलीकडे टिकत नाही अशी चिनी लोकांत म्हणच आहे, आणि क्वान यांची पात्रे त्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतील आहेत. म्हणजे म्हण खरी ठरण्याची वेळ जवळ आली आहे, हे आतून सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या अहंकाराच्या मुळाशी मला तरी हीच धास्ती दिसते. पणजोबा बंदरावर उतरले तेव्हा त्यांच्या अंगावर काय होते, याविषयी टायरसॉल पार्क या त्यांच्या वाड्यात कोणी बोलत नाही.

हा टायरसॉल पार्क म्हणजे आजीबाई शांग सू यी यांचे घर. ते गाडीतल्या नकाशावर सापडत नाही. नायिका रेचल हिला तिची मैत्रीण पैक लिन तेथे पोहोचवायला जाते आणि रस्ता हुडकता हुडकता थकते. पैक लिनचे वडील बांधकाम व्यवसायातून नव्याने धनवान झालेले. घरात जिकडे तिकडे सोनेरी नक्षी, पाहुण्याला आग्रह करकरून वाढणारे, मोठ्याने हसणारे. शहरातील सर्व श्रीमंत आपल्याला माहीत आहेत असे समजणाऱ्या या गृहस्थांनी यंग घराण्याचे नावही ऐकलेले नसते. क्वान यांची सगळी समाजमीमांसा या एका गोष्टीत आहे. नवा पैसा दाखवावा लागतो. जुन्या पैशाला लपून राहणे परवडते. आणि माया कोणत्या घरात आहे म्हणाल, तर सोनेरी नक्षीच्या. परक्या मुलीला पोटभर जेवू घालून धीर देणारी माणसे तेथेच भेटतात.

नव्या-जुन्याचा हा भेद किती निष्ठुर असतो ते ॲस्ट्रिड लिआँगच्या गोष्टीत दिसते. लिआँगांची ही कन्या चार्ली वू नावाच्या मुलाच्या प्रेमात असते. त्याचे वडील संगणकाच्या धंद्यात अब्जाधीश झालेले, तरी मुलीच्या घरचे नकार देतात, कारण पैसा एका पिढीचा आहे. लग्न मोडते. पुढे ती मायकेल या मध्यमवर्गीय, सैन्यातून बाहेर पडलेल्या तरुणाशी विवाह करते. नवऱ्याचा स्वाभिमान दुखावू नये म्हणून पॅरिसहून आणलेले कपडे ती कपाटात दडवते. तरी त्याला ते घर सोसत नाही. सुटका व्हावी म्हणून तो परस्त्रीशी संबंध असल्याचे नाटक रचतो. तेव्हा चार्ली, तोच नाकारलेला मुलगा, ॲस्ट्रिडचा संसार सावरावा म्हणून कोणाला न कळवता मायकेलची छोटी कंपनी भारी किमतीला विकत घेण्याची व्यवस्था करतो. मायकेल श्रीमंत होतो. आणि पुढच्या भागात, ‘चायना रिच गर्लफ्रेंड’ या २०१५ च्या कादंबरीत, त्या पैशाने त्याचे काय होते ते वाचवत नाही. बायकोचा पैसा ज्याला बोचत होता, त्याला स्वतःचा पैसा चढला. या तीन माणसांत वाईट कोणीच नव्हते, निदान सुरुवातीला.

आता रेचलकडे येऊ. ती न्यूयॉर्कमध्ये अर्थशास्त्राची प्राध्यापिका. आई चीनमधून अमेरिकेत येऊन कष्टाने वर आलेली. निक यंगशी तिचे जुळते, आणि तो तिला मित्राच्या लग्नासाठी सिंगापूरला आणतो. निकची आई एलिनॉर मुलीला भेटण्याआधीच तिची चौकशी लावते. खाजगी गुप्तहेराकडून अहवाल मागवला जातो: वडील कोण, आई कोठून आली, लग्न झाले होते की नव्हते. मुलगी काय शिकवते, कशी बोलते, आपल्या मुलाला तिच्याशेजारी बसल्यावर कसे वाटते, यांपैकी काहीही अहवालात नाही. अहवालाच्या जोरावर घर तिला नाकारते. पुढे असे निघते की तिचे खरे वडील चीनमधील एक बडे राजकारणी आहेत आणि त्यांच्या घरी मोठा उद्योग आहे. ही वार्ता हाती येताच एलिनॉर न बोलावता लग्नाच्या ठिकाणी, कॅलिफोर्नियात जाऊन थडकते. तिला एकाएकी सून पसंत असते.

मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. रेचल तीच, तिचे नाकडोळे तेच, पदवी तीच. बदलले ते एका रकान्यातील नाव.

आमच्या वधू-वर परिचय पुस्तिकेचे अर्ज मी गेली अकरा वर्षे तपासते. जन्मतारीख, उंची, शिक्षण. मग वडिलांचा व्यवसाय, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न, स्वतःचे घर आहे काय, मामांचे आडनाव व गाव. अर्ज उघडणारे नव्वद टक्के पालक बोट ठेवतात ते या दुसऱ्या भागावर. छायाचित्र नंतर पाहतात. यात चौकशी गैर आहे असे मी म्हणत नाही. मुलगी द्यायची तर घर पाहावेच लागते. फसलेले संसार मीही पाहिले आहेत. परंतु चौकशी सावध राहण्यासाठी कोठवर असते आणि दार बंद ठेवण्यासाठी कोठून सुरू होते, ती रेघ कोणी आखलेली नाही. एका वर्षी एक मुलगी आली होती, सनदी लेखापाल. वडील दुसऱ्याच्या पेढीवर मुनीम. तिच्या अर्जावर सात घरांनी विचारणा केली आणि सातही घरे ‘वडिलांचा व्यवसाय’ वाचून मागे फिरली. तिच्या वडिलांनी ज्यांची वही चाळीस वर्षे चोख ठेवली, त्या मालकांचे घरही त्या सातांत होते. परिग्रहाचे परिमाण ठरवताना आपण जमीन, सोने, घरे मोजतो. घराण्याचे नाव त्या यादीत घालावे लागेल असे कधी वाटले नव्हते.

एलिनॉरवर रागावून मोकळे होणे सोपे आहे. क्वान ती सोय देत नाहीत. तीही कधी काळी त्या घरात सून म्हणून आली होती आणि सासू शांग सू यी हिला ती पुरेशी वाटली नव्हती. २०१८ च्या चित्रपटात मिशेल योह हिने हे फार संयमाने दाखवले आहे. सासूने घरची अंगठी दिली नाही, म्हणून नवऱ्याने वेगळी घडवून घेतली. मुलगा आजीचा लाडका व्हावा म्हणून आईने त्याला आजीपाशी वाढू दिले, स्वतः दूर राहिली. जिने एवढे मोल मोजले ती दुसरीला फुकट कशी आत घेईल? सुनेची सासू होते ती अशी. माझ्या लग्नाला, १९८१ साली, माझे वडील आठवडी बाजारात कापडाचे गठ्ठे घेऊन बसत. सासरी पहिल्याच दिवशी एका वडीलधाऱ्या बाईंनी हनुवटी वर करून विचारले होते, “कोणाच्या घरची गं?” नाव सांगितल्यावर त्यांनी पुढचे काही विचारले नाही. ते न विचारणे मला अजून ऐकू येते. मग पुढे बारा वर्षे पेढीची खतावणी मी लिहिली. मामंजी म्हणत, सूनबाईंच्या वहीत खाडाखोड नसते. एलिनॉरची अंगठी आणि माझी खतावणी यांत मला फारसा फरक वाटत नाही.

जाता जाता एक गोष्ट. टायरसॉल पार्कच्या फाटकावर पहारा गुरख्यांचा आहे, आजीबाईंच्या दिमतीला थायलंडच्या दासी. सिंगापूरच्या लोकवस्तीत भारतीय वंशाचे सुमारे नऊ टक्के आहेत, मलय तेरा टक्क्यांच्या आसपास. गोष्टीत आणि चित्रपटात ते फार करून दारावर किंवा चाकरीत दिसतात. तेथील काही लोकांनी याबद्दल नाराजी व्यक्त केली, ती मला योग्य वाटली. अर्थात, अतिश्रीमंतांच्या घरातून जग असेच दिसत असेल, असेही कोणी म्हणू शकेल. पण लेखकाने फाटकावरच्या माणसाला एखादे वाक्य तरी द्यायला हवे होते.

चित्रपटाच्या व्यवहाराची कथा व्यापाऱ्यांनी ऐकण्याजोगी आहे. कोणा निर्मात्याने क्वान यांना सुचवले की नायिका गोरी करावी. त्यांनी ते नाकारले. पुढे ज्या संस्थेशी जमले, तिला त्यांनी प्रारंभीचे हक्क एका डॉलरला दिले. अट एवढीच की निर्णयांत आपला शब्द राहील. आपल्याकडे सव्वा रुपया आणि नारळ ठेवून बोली पक्की करतात, तसेच हे. नंतर एका इंटरनेट वाहिनीकडून अधिक रकमेचा प्रस्ताव आला असता दिग्दर्शक जॉन चू आणि त्यांनी तो सोडला, कारण चित्रपट थिएटरातच दिसावा अशी त्यांची इच्छा होती. सुमारे ३ कोटी डॉलर खर्चाच्या त्या चित्रपटाने जगभरात २४ कोटींच्या आसपास उत्पन्न मिळवले. जुन्या पैशाच्या नातवाला मोल कोठे सोडायचे आणि कोठे धरायचे हे अजून कळते, असे यावरून दिसते.

तिसरा भाग, ‘रिच पीपल प्रॉब्लेम्स’, २०१७ चा. आजीबाई मरणशय्येवर आहेत आणि जगाच्या कानाकोपऱ्यांतून लेकी, जावई, नातवंडे वाड्यात येऊन उतरतात. प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी आहे आणि प्रत्येकाचे लक्ष त्या जमिनीवर आहे. सिंगापूरने वारसा कर २००८ मध्ये रद्द केला. आपल्याकडे तो १९८५ मध्येच गेला. सरकारने हात काढून घेतला म्हणजे वाटणी सोपी होते, असे ज्यांना वाटते त्यांनी हा भाग अवश्य वाचावा. आजीने मनाविरुद्ध लग्न करणाऱ्या लाडक्या नातवाशी, निकशी, अबोला धरलेला असतो. तो आजीला भेटायला येतो आणि घरातलेच लोक त्याला खोलीपर्यंत जाऊ देऊ नये म्हणून खटपट करतात. मला त्या पानांवर विनोद करवेना, जरी लेखकाने केला आहे. भाऊ-भाऊ एकमेकांना वकिलामार्फत पत्रे पाठवतात अशी घरे आमच्या गल्लीतच दोन आहेत.

हे पुस्तक मला माझ्या पुतणीने दिले. ती सत्तावीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. तिच्यासाठी एक स्थळ आले आहे. खरे तर तिनेच आणले आहे. मुलगा अभियंता, निर्व्यसनी, बोलायला नम्र. त्यांचा प्लास्टिकच्या पाइपांचा कारखाना आहे, आमच्या पेढीहून उलाढाल मोठी. माझे थोरले दीर तयार नाहीत.

“पंधरा वर्षांपूर्वी ही मंडळी बाजारात बादल्या विकत होती,” ते म्हणाले.

मी म्हटले, “भाऊजी, मामंजींचे आजोबा मारवाडातून लोटा-दोरी घेऊन आले होते, असे आपणच दर दिवाळीला वहीपूजनानंतर मुलांना सांगता.”

“ती गोष्ट वेगळी.”

“कशी?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “त्याला शंभर वर्षे झाली,” असे म्हणून ते पेढीवर गेले. दुपारी जेवायला आले तेव्हा विषय काढला नाही. मीही काढला नाही. जाऊबाई मात्र स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या की मुलाच्या आईचा फोन आला होता आणि बाई बोलायला फार मोकळ्या आहेत.

येत्या रविवारी ती मंडळी येणार आहेत. दिरांनी होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. त्यांनी एवढेच सांगितले की यायचे तर येऊ द्या. त्यांना परतीचा दोन तासांचा रस्ता आहे आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायला हवे, म्हणून मी त्यांना दुपारी तीनची वेळ दिली आहे.